नांगरटीचे ३४ तास आणि उरलेले ३७८

ट्रॅक्टर बदलायचा हे ठरायला आमच्या घरात दोन वर्षं गेली आणि कोणता घ्यायचा हे ठरायला आणखी एक. ते तिसरं वर्ष फार कामाचं ठरलं, म्हणून सगळं प्रकरण आकड्यांसकट लिहून ठेवते आहे. ट्रॅक्टर चालवतो थोरला भाऊ, त्याच्या दुखण्याखुपण्यावर नजर आबांची, आणि वही माझ्याकडे.

जुना ट्रॅक्टर २६ वर्षांचा. तीन सिलिंडर, ३५ एचपीच्या गटातला, टू-व्हील ड्राइव्ह म्हणजे ओढ फक्त मागच्या चाकांना, एकच क्लच, साधं स्टिअरिंग, डोक्यावर काही नाही. तासमीटर ९,१४० वर कधीचाच थांबलेला. हरकामी म्हणतात तसा होता. ट्रॉली ओढायचा, फवारा चालवायचा, रोटाव्हेटर फिरवायचा, कुट्टी करायचा, वेळ पडली तर दुसऱ्याची चिखलात रुतलेली गाडीही काढून द्यायचा.

दुखणं नेमकं कुठे होतं

सकाळी चालू केला की निळा धूर मारायचा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा असता तर डिझेल जास्त होतंय किंवा हवा कमी पडतेय असा संशय घेतला असता. दर २५ तासांनी अर्धा लिटर ऑइल वर घालावं लागत होतं. आबांनी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तळहात आडवा धरला. धक्क्याधक्क्याने वाफ हातावर आपटत होती. रिंगा आणि लायनर झिजले की सिलिंडरमधला दाब असा खाली चेंबरमध्ये उतरतो.

मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टचंही तेच. फवारा उचलून इंजिन बंद केलं की दहा मिनिटांत हात खाली बसायचे. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला खेळ होता. ब्रेक डावीकडे ओढत होते. आणि तिसरा गिअर उतारावर निसटायचा. दादाने त्याला स्वतःच तोड काढली होती. उतार आला की गुडघ्याने गिअरचा दांडा दाबून धरायचा. इतकी सवय झालेली की तो हे दुखण्यात मोजतही नव्हता.

मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, “आबा, इंजिन मी आठ दिवसांत नवं करून देतो. त्याची काळजी नको. पण गिअरबॉक्स उघडल्यावर आत काय निघेल ते आज मला विचारू नका.” इंजिन, क्लच, हायड्रॉलिक पंप, पुढचा एक्सल आणि टायर असा सगळा अंदाज काढला, तर तो त्याच गटातल्या नव्या ट्रॅक्टरच्या किमतीच्या एक तृतीयांशावर गेला. गिअरबॉक्स त्यात धरलेला नव्हता. त्याआधीच्या वर्षात ट्रॅक्टर १९ दिवस उभा होता, त्यातले ७ ऐन पेरणीतले. खर्चाच्या यादीत हे ७ दिवस दिसत नाहीत, पण आम्हाला सगळ्यात महाग तेच पडले होते.

तरीही आबा दुरुस्तीच्या बाजूने होते. त्यांचं मन फिरलं ते एका संध्याकाळी. दादा भरलेली ट्रॉली घेऊन उतारावरून येत होता. दांड्यावरचा गुडघा क्षणभर सुटला, गिअर निसटला, ट्रॅक्टर मोकळा झाला आणि मागून ट्रॉलीने रेटा दिला. ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर डावीकडे तिरका व्हायला लागला. दादाने तो सरळ बांधात घातला. कुणाला लागलं नाही. पण घरी येऊन तो बराच वेळ ओट्यावर काही न बोलता बसून राहिला होता, आणि आबांनी त्या रात्री पहिल्यांदा म्हटलं, “आता नवाच बघू.”

माझं म्हणणं त्याच्याही पुढचं होतं, नव्याला रोल बार, म्हणजे चालवणाऱ्याला वाचवणारी चौकट, हवाच. ट्रॅक्टर मागच्या बाजूला उलटला तर साधारण दीड सेकंदात सगळं संपतं, उडी मारायला वेळच नसतो. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. जुन्यालाच पाइप वाकवून वेल्डिंग करून घेऊ, असा एक सल्ला मिळाला होता. तो आम्ही मानला नाही. चाचणी झालेला रोल बार ठरावीक मर्यादेपर्यंत वाकून धक्का पोटात घेतो. घरगुती वेल्डिंगची चौकट सांध्यातूनच तुटू शकते. आणि रोल बार असला तरी सीट बेल्ट लावलेला नसेल तर माणूस त्याच्या आडोशाबाहेर फेकला जातो.

दादाचं ५२ एचपी आणि माझी वही

दादाचं मन आधीच एका ५२ एचपीच्या फोर-व्हील ट्रॅक्टरवर बसलं होतं. त्याचं म्हणणं एका वाक्यात मावायचं, “आपल्याला दम कमी पडतो गं, नांगराला लावला की कळतं.” त्याला खोटं म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. नांगरावर तो बसतो, मी नाही. म्हणून एवढंच ठरवलं की वर्षभर लिहायचं. डिझेलच्या कॅनशेजारी वही टांगली. काम, तास, लिटर. मीटर बंद असल्यामुळे तास घड्याळावरून.

वर्ष संपलं तेव्हा एकूण ४१२ तास भरले. ट्रॉली १४८. फवारणी आणि कोळपणी ९६. रोटाव्हेटर ७१. कुट्टी आणि पाण्याचा पंप अशी जागेवर उभं राहून केलेली कामं ३८. नांगरट ३४. पाटा मारणं, उचलठेव असं किरकोळ २५. डिझेल गेलं १,४३० लिटरच्या आसपास. नांगराला तासाला सहा लिटरच्या वर, रोटाव्हेटरला साडेपाच, बाकी सगळ्याला अडीच ते तीन.

म्हणजे ज्या कामासाठी ५२ एचपी हवा होता ते काम शंभरात आठ तासांचं. उरलेल्या ९२ पैकी बहुतेक तासांत त्या मोठ्या इंजिनाचं निम्मं बळही लागणार नव्हतं, आणि मोठं इंजिन हलक्या कामाला लावलं की ते तेवढ्याच कामाला जास्त डिझेल पितं. त्याचं वजनही बाराही महिने जमिनीवर फिरतं. नांगरटीपुरतं वेगळं वजन आणि कोळपणीपुरतं वेगळं, असं करता येत नाही.

दादाने वही दोनदा वाचली. म्हणाला, “तास बरोबर आहेत. पण त्या ३४ तासांत माझा जीव जातो, त्याचं काय?”

हा प्रश्न रास्त होता. याचं उत्तर वहीत नव्हतं, म्हणून शेतात शोधायचं ठरलं.

दम की पकड

मागच्या चाकाच्या टायरवर खडूने रेघ मारली. नांगर वर उचलून चाकाचे दहा फेरे मोजले आणि अंतर टेपने मोजलं, ३९ मीटर. मग त्याच गिअरमध्ये नांगर जमिनीत घालून दहा फेरे, ३०.५ मीटर. म्हणजे चाक शंभरातले जवळपास २२ हात जागच्या जागी फिरत होतं. मशागतीच्या जमिनीत टू-व्हीलला १० ते १५ टक्के घसर साधारण ठीक धरतात. आमच्याकडे इंजिनाचा दम कमी नव्हता. तो चाकाखाली मातीत सांडत होता.

आबा लिफ्टच्या दांड्यांकडे बघत उभे होते. त्यांनी विचारलं, “ड्राफ्टचा दांडा हलतो का रे?” हलत नव्हता. गंजून बसला होता, आणि दादा कित्येक वर्षं फक्त पोझिशनच्या दांड्यावर, म्हणजे नांगराची उंची एका जागी धरून, नांगरत होता. अवजाराला तीन ठिकाणी धरणाऱ्या लिफ्टची जोडणी, तीन-बिंदू जोडणी, ट्रॅक्टर बनवणाऱ्या हॅरी फर्ग्युसनची. तिच्यातली खरी करामत या ड्राफ्टच्या दांड्यातच आहे. ओढ वाढली की लिफ्ट नांगराला किंचित वर घेते आणि नांगराचं, मातीचं ओझं मागच्या चाकांवर येतं. १९३६ साली त्याचा हलकासा ट्रॅक्टर बाजारात आला तेव्हा एवढ्याशा यंत्राने नांगरट होते याचं लोकांना नवल वाटलं ते यामुळेच. आम्ही दांडा डिझेलमध्ये भिजवून, ठोकून मोकळा केला. पुन्हा दहा फेरे, ३१.९ मीटर. घसर १८ वर आली.

मग मागच्या दोन्ही टायरांत पाणी भरलं, पाऊण चाकापर्यंत, मिळून साडेतीनशे लिटरच्या वर. व्हॉल्व्ह वर घेऊन भरायचं, चौथा हिस्सा हवेला सोडायचा. चौथ्या फेरीला ३३.६ मीटर आलं. घसर १४ च्या आत.

तो दिवस मला विसरता येणार नाही. २६ वर्षांचा तोच ट्रॅक्टर, तेच इंजिन, तोच नांगर. दादा तासाच्या टोकाला थांबला, उतरला, मागे वळून सरळ उलटलेलं तास बघितलं आणि परत चढला. ५२ एचपीचा विषय त्यानंतर त्याने स्वतःहून काढला नाही.

याचा अर्थ जुना ठेवायचा असा नव्हता. गिअर, ब्रेक, रोल बार यांचं उत्तर पाण्यात नव्हतं. पण नव्यात काय शोधायचं ते आता कळलं होतं. आम्हाला वजन, पकड, थांबणं आणि चांगला पीटीओ (इंजिनाच्या बळाने मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट) हवा होता. एचपीचा क्रमांक त्यानंतरचा.

वजनाचं आणखी एक कोडं त्याच आठवड्यात सुटलं. भरलेला फवारा घेऊन चढावर स्टिअरिंग हलकं लागतं, अशी दादाची जुनी तक्रार. ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेला. मोकळा १,७५० किलो. फवारा भरून, उचलून, फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवली तर २८५ किलो. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहायला हवा, म्हणजे आमच्या हिशेबात ३५०. इतकी वर्षं आपण ६५ किलो कमी घेऊन चढत होतो. नव्या ट्रॅक्टरच्या यादीत पुढच्या वजनांसाठीची चौकट आम्ही त्या दिवशी लिहिली.

चार पर्याय

दादाचा ५२ एचपी फोर-व्हील, ४२ एचपीचा टू-व्हील, त्याच मॉडेलचा फोर-व्हील, आणि एक सहा वर्षं वापरलेला ४८ एचपी.

वापरलेला आधी बाद झाला. मीटरवर १,९०० तास. पण यांत्रिक तासमीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. ठरलेल्या वेगावर एक तास चालला तर एक तास, मंद चालला तर त्याहून कमी. त्यामुळे मीटर सांगतो त्यापेक्षा ट्रॅक्टर जास्त राबलेला असू शकतो. आबांनी मीटरकडे पाहिलंच नाही. क्लचच्या पेडलचं रबर झिजून पत्रा चमकत होता. ओढदांड्याचं भोक गोलाचं लंबगोल झालं होतं. पीटीओच्या शाफ्टवरचं झाकण काढलं तर सहा दात एका बाजूने सुरीसारखे पातळ. आबांनी ते दात बोटाने चाचपले, झाकण परत बसवलं आणि विकणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडले.

५२ एचपीवर दादाच्या समाधानासाठी पूर्ण दिवस घालवला. त्याच्या दोन गोष्टी नांगरट सोडून उरलेल्या आमच्या ३७८ तासांत बसत नव्हत्या. पहिली, धुराड्यातला काजळीचा फिल्टर. तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी धूर तापलेला लागतो. अर्धा तास ट्रॉली, वीस मिनिटं पाटा, मग बंद, अशा आमच्या वापरात तो तुंबत राहणार. दुसरी गोष्ट गिअरची. गिअर बारा होते, ऐकायला भरपूर. पण पीटीओ ५४० फेऱ्यांवर ठेवून फवारणी करायची तर आम्हाला ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपासचा वेग लागतो. तक्त्यात एक गिअर अडीचचा, पुढचा एकदम ४.४ चा. मधला नाहीच. गिअर किती आहेत यापेक्षा आपल्या कामाच्या वेगावर एखादा आहे का, हे विचारावं. विक्रेत्याकडे तो तक्ता असतो, मागितला की देतात. मागत कुणी नाही.

४२ एचपीत ३.३ चा गिअर होता. पीटीओचा क्लच वेगळा होता आणि आमच्यासाठी हीच गोष्ट सगळ्यात मोठी. जुन्यात क्लच दाबला की पीटीओही थांबायचा. सरीच्या टोकाला वळताना फवाऱ्याचा दाब पडायचा आणि पहिली चार-पाच झाडं अर्धवट भिजायची. उलटंही व्हायचं. क्लच दाबूनही फिरत्या रोटाव्हेटरचा जोर शाफ्टमधून परत येऊन ट्रॅक्टरला हातभर पुढे ढकलायचा. बांधाजवळ हातभर म्हणजे पुष्कळ.

शिवाय यात पीटीओची दुसरी चाल होती. ५४० फेरे इंजिनाच्या १,६०० च्या आसपासच्या वेगावरच मिळायचे, एरवी १,९०० लागतात. फवारा आणि पंप यांना ती पुरते, कारण त्यांना वेग हवा असतो, बळ थोडं. रोटाव्हेटरला मात्र ती लावायची नाही, इंजिन दबतं.

एचपीबद्दल एकच पाहिलं. जाहिरातीतला आकडा इंजिनाचा असतो, पीटीओवर त्यातलं साधारण ८५ ते ९० टक्के पोचतं. आकडे फुगवण्याची खोड जुनीच. नेब्रास्का राज्याने १९१९ साली चाचणीशिवाय ट्रॅक्टर विकायला बंदी करणारा कायदा केला तो त्यावरूनच. चाचणी अहवाल वाचला तर ४२ चे पीटीओवर ३६ च्या वर मिळत होते. आमच्या पाच फुटी रोटाव्हेटरला तेवढं पुरे. लिफ्टची क्षमताही अहवालात दोन ठिकाणची असते, हातांच्या टोकाशी आणि तिथून ६१० मिलिमीटर मागे. फवाऱ्याचं वजन मागेच असतं, म्हणून दुसरा आकडा धरला.

आता टू-व्हील की फोर-व्हील. इथे मात्र घरात खरी खडाजंगी झाली. आबा म्हणाले पाणी भरून पकड मिळते तर पुढचा एक्सल फिरवायचा खर्च कशाला? दादा गप्प. मी वहीतले ट्रॉलीचे १४८ तास दाखवले. फोर-व्हील लावलेला असला की मागचा ब्रेक आणि इंजिनाचा आवर पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. उतारावर चार चाकं थांबतात, दोन नाही. ट्रॅक्टर बांधात घातला त्या संध्याकाळचं कुणी नाव काढलं नाही, पण तिघांच्याही डोळ्यांसमोर तीच होती. आबांनी मान हलवली.

त्याची किंमत दुसरीकडे मोजली. शेताच्या टोकाला काठ्या रोवून दोन्ही वळवून पाहिले. टू-व्हील सहा मीटरमध्ये वळला, फोर-व्हीलला पावणेसात लागले. म्हणजे दोन्ही टोकांना थोडी जागा कायमची सोडावी लागणार. ती सोडायची असं ठरवूनच ट्रॅक्टर घेतला.

घेण्याआधी आणखी एक काम केलं, ते सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं. आपली अवजारं मोजली. आमच्या जुन्या अवजारांच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, म्हणजे जोडणीच्या मापांतली श्रेणी एक. नव्याच्या हातांची भोकं श्रेणी दोनची, २८ च्या पिनेसाठी. बुशिंग, म्हणजे फरक भरून काढणारी नळी, बसवून भागलं, पण हे घरी आणल्यावर कळलं असतं तर पहिला आठवडा उभ्यानेच गेला असता. रोटाव्हेटरचा शाफ्टही लांब पडला, तो कापावा लागला. कापताना एक भान ठेवायचं, एकात एक गेलेली नळी निदान तिसरा हिस्सा तरी आत राहिली पाहिजे.

वर्षानंतर

खोल नांगरट आम्ही भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने करून घेतली. आमचे ३४ तास त्याने १३ तासांत उरकले. नव्या ट्रॅक्टरचे वर्षाचे तास ३९१ झाले. फवारणीला तासाला २.८ लिटर जायचे, आता २.१ जातात. सरीच्या टोकाची झाडं इतर झाडांसारखीच भिजतात. उभं राहण्याचा हिशेब दोन दिवसांचा, तोही सर्व्हिसिंगचा.

एक चूक झाली. पहिले तीन महिने दादा पक्क्या रस्त्यावरही फोर-व्हील लावूनच चालायचा. पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील अशीच बनवलेली असतात. मातीत ते चालतं, कठीण रस्त्यावर टायर घासले जातात. पुढच्या टायरांच्या कडा वेळेआधीच उतरल्या. आता उतार आणि चिखल सोडला तर दांडा बंद.

जुन्याला गिऱ्हाईक आलं तेव्हा आबांनी मिस्त्रींनाही बोलावून घेतलं. निळा धूर, बसणारी लिफ्ट, निसटणारा तिसरा गिअर, एकेक करून सगळं सांगितलं. दादा म्हणाला, “आबा, गिअरचं तरी त्यांनी चालवून बघितल्यावर सांगा.” आबांनी ऐकलं नाही. घेणाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते पीटीओकडे गेले, झाकण काढून दात पाहिले. दात चांगले होते, आबांनी शाफ्ट कधी कोरडा फिरू दिला नव्हता. त्यांना विहिरीवर जागेवरच उभा करून पंप चालवायचा होता. पुढच्या चाकांना दगड लावून तो उभा राहील म्हणाले, गिअर टाकायची वेळच यायची नाही.